आधी समोरच्याची बाजू

आमच्या आत्याला कुणी नुसतं बोलून काही पटवून दिलंय, असं मी पाहिलं नाही. आपण बोलत असलो की ती ऐकत नसे, तपासत असे. "गरमीनं जीव चालला वं आत्या," म्हटलं, की ही कूलरकडे न बघता म्हणणार, "हायपरबोली. अतिशयोक्ती. जीव हाय जागेवर. पाणी पी." नागपूरच्या जरीपटक्यातल्या एका शाळेत तिनं उभा जन्म सातवीला इंग्रजी शिकवलं. निवृत्तीनंतरही रोज चारच्या ठोक्याला तिच्या दारात पोरांच्या चपलांचा ढीग पडायचा.

गांधीबागेत माझं साड्यांचं दुकान आहे. लोकांना पटवणं हाच आपला धंदा, असा माझा समज होता. एकदा आत्या आठ-दहा मुलं घेऊन आली, त्यांना गादीच्या कोपऱ्यात बसवलं आणि म्हणाली, "हा गिऱ्हाइकाले काय काय म्हणते, सगळं लिहा. आजचा धडा हाच." मी रंगात आलो. 'ताई, असा रंग अख्ख्या नागपुरात नाही!' 'तुम्हाला नाही शोभणार तर कोणाला?' ताई काही न घेता निघून गेल्या. एका मुलीनं वही वाचली, "अंकल ने चार बार बढ़ा-चढ़ाकर बोला, दो बार सवाल पूछा, सबूत एक भी नहीं दिया."

"आन् त्या बाईले काय पाहिजे, ते विचारलंच नाही," आत्यानं भर घातली. माझे सेल्समन एकदम पंख्याकडे बघू लागले.

तिचा नियम एकच. कुणाला काही पटवायचं, तर आधी समोरच्याची बाजू लिहायची. तीही अशी, की वाचून त्यानं म्हणावं, 'हेच तर म्हणायचं होतं मले.' मग आपलं तोंड उघडायचं. बारा वर्षांची पोरं हे लीलया करायची. मला पन्नाशीतही जमत नव्हतं.

दोन उन्हाळ्यांपूर्वी ती न्हाणीत घसरली आणि उजवं मनगट मोडलं. सत्तरी उलटलेली, घरात एकटी. आता हिला कायमचं आपल्याकडे आणायचंच, असं मी ठरवलं. ती म्हणाली, "लिहून आण."

मी तीन पानं लिहिली. 'तुझ्याविना आमचं घर म्हणजे देवाविना देव्हारा' असं एक वाक्य तर मला स्वतःलाच फार आवडलं होतं. तिनं डाव्या हातानं, वाकड्या आकड्यात, दहापैकी तीन दिले. "उपमा चांगली हाय. पण तुह्या देव्हाऱ्यात बसून मी दिवसभर करू काय? आन् माही बाजू कुठी हाय?"

दुसऱ्या खेपेला मी तिच्याकडेच लिहायला बसलो. चार वाजले, चपला पडल्या. मधली सुट्टी वाढवावी म्हणून एक मुलगा आधी मुख्याध्यापकांची बाजू वाचत होता आणि आत्या प्लॅस्टरचा हात मांडीवर ठेवून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होती. तिला असं हसताना आमच्या घरात मी कधी पाहिलं होतं, ते आठवेना. मी तिच्या बाजूनं लिहिलं, 'तुझ्याकडे मला वेळेवर चहा मिळेल, औषध मिळेल. बरं वाटतं का, असं सगळे विचारतील. पण "बाई, हे बरोबर आहे का?" असं मला कोणी विचारणार नाही.'

तिनं वाचलं. पेन खाली ठेवलं. "हेच," म्हणाली. मग, "आता तुही बाजू सांग."

मी उठून तिची न्हाणी बघून आलो. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "केव्हा येतात आत्या?" मी म्हणालो, "तिच्या न्हाणीत धरायला दांडा बसवायचाय."

गेल्या हिवाळ्यात, त्याच घरात, ती झोपेतच गेली. तेरवीला तिचे थोरले भाऊ, माझे मोठे काका, सगळ्यांदेखत कडाडले, "माह्या बहिणीले एकटीले काहून ठेवलं गा तू?"

"तुमचं बरोबर आहे काका," मी म्हणालो. "शेवटी तिच्या उशाशी आपलं कोणी नव्हतं. तुम्हाला राहून राहून वाटत असेल, की तिनं हाक मारली असेल आणि ती कोणाला ऐकू गेली नसेल. मलाही वाटतं." मग मी त्यांना तिची बाजू सांगितली. चार वाजताचं सगळं सांगितलं.

काकांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला.

"लहानपणी वादात मलेबी अशीच हरवे," ते म्हणाले.