कुंदाचा हात धरू नका

कुंदा गेल्याचं मला आमच्या ग्रुपवर कळलं. सकाळी दुकानाचं शटर वर करत होते आणि पर्समधला फोन थरथरायला लागला तो थांबेचना. आधी जोडलेले हात, मग गुलाबाची फुलं, मग कोणीतरी मेणबत्ती टाकली. त्या गर्दीत वर वर जाऊन मला शोधावं लागलं की गेलं कोण. कुंदा! मागच्याच रविवारी माझ्याशी भांडून गेलेली कुंदा. 'आपल्या हसतमुख कुंदाताई' असं लिहिलं होतं. हसतमुख? कप्पाळ माझं! हे तिनं वाचलं असतं तर कुबडी उगारली असती. महिना उलटून गेला, पण मला अजून धड रडू आलेलं नाही. येतो तो राग. आणि तिच्याबद्दल गोड लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी आपली रागातच लिहिते आहे.

आधी आमचा उद्योग काय ते सांगते, कारण 'गेम' म्हटलं की लोकांना बंदुका आणि गाड्याच दिसतात. आमच्या खेळात चित्र नाही, आवाज नाही. पडद्यावर दोन-चार वाक्यं येतात... तुम्ही एका खोलीत आहात, दार बंद आहे. खाली तुम्ही टाइप करायचं, 'दार उघड'. खेळ त्यावर काहीतरी उत्तर देतो. बस, एवढंच. मराठीत असले छोटे, तिरपागडे खेळ लिहिणारे आम्ही नाशकात दहा-बारा जण आहोत. माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान, म्हणून रविवारी दुपारी अर्धं शटर ओढून तिथेच आमचा अड्डा. हे सुरू केलं अनिरुद्धनं. आमच्यापेक्षा वयानं बराच लहान, कॉम्प्युटरच्या नोकरीतला, स्वभावानं लोण्याचा गोळा. कोणी काहीही लिहून आणो, हा म्हणणार, 'क्या बात है!' खोटं कशाला बोलू, त्या 'क्या बात है'च्या जोरावरच मी माझा पहिला खेळ पुरा केला. पन्नाशीतल्या बाईला असं कोण म्हणतं हो? घरी तर 'काय टकटक चाललीय' एवढंच ऐकू येतं.

कुंदा पहिल्यांदा आली ती कोर्टाच्या कागदांच्या झेरॉक्स काढायला. एका वकिलाकडे टायपिंग करायची. लहानपणी पोलिओनं डावा पाय गेलेला, काखेत कुबडी. मी आपलं माणुसकीनं स्टूल पुढे केलं, तर म्हणाली, "मी मागितलं का?" मी म्हटलं, "नाही ना? मग राहा उभी." तेव्हापासून आमची मैत्री. आमचा अड्डा तिला कळला आणि पुढच्याच रविवारी ती येऊन बसली, शटरजवळच्या लोखंडी खुर्चीवर, आणि ती खुर्ची तिचीच झाली. पहिल्याच दिवशी अनिरुद्धला म्हणाली, "क्या बात है म्हणजे नेमकी काय बात आहे, ते सांग ना." मग एकेकाच्या खेळाचं तिनं असंच केलं. कोणी रुसले, कोणी दोन रविवार फिरकले नाहीत, पण परत आले ते आधीपेक्षा चांगलं लिहून. मला तर तिनं तोंडावर सांगितलं होतं, "लता, तुझ्या या खेळात मला झोप लागते." चार दिवस मी तिच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी तो खेळ पुन्हा लिहायला घेतला.

आमच्याकडे एक नियम आहे आणि तो कुंदानंच घातला. एकानं लिहिलेला खेळ दुसरा खेळत असेल तेव्हा लिहिणाऱ्यानं मागे बसायचं आणि अवाक्षर काढायचं नाही. खेळणारा चुकला, अडकला, भलत्याच दारावर डोकं आपटत बसला, तरी सांगायचं नाही. कारण सांगितलं की तो खेळ खेळत नाही, तुमचं ऐकतो. पण आम्हा लोकांना गप्प बसवणं काय सोपं आहे! मग तिनं युक्ती काढली. लिहिणाऱ्यानं तोंडात खडीसाखरेचा खडा धरायचा. तोंडात खडा आहे तोवर बोलायचं नाही, विरघळला की दुसरा घ्यायचा. त्याची काचेची बरणी माझ्या काउंटरवर असते. आणि गंमत बघा, नियम घालणाऱ्या बाईला स्वतःला तो कधी धड पाळता आला नाही. बोलायची नाही, पण खेळणारा चुकला रे चुकला की मागून 'कडकन्' आवाज. खडा चावलेला! आम्ही दचकून मागे बघायचो, तर ही छताकडे बघत बसलेली.

'द्वारका' हा तिचा शेवटचा खेळ. त्याचं मूळ माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे. द्वारका चौकात ती माझी वाट बघत उभी होती. मी स्कूटर घेऊन पोचते तो बाईसाहेब पलीकडच्या कोपऱ्यावर, रागानं लालबुंद. कोणा भल्या माणसानं 'चला ताई, घाबरू नका' म्हणत दंडाला धरून तिला रस्ता ओलांडून दिला होता. तिला ओलांडायचाच नव्हता! ही 'अहो, अहो' म्हणतेय, तर तो म्हणे, 'राहू द्या, आभार कसले त्यात.' मी हसून हसून स्कूटरवरून पडायची बाकी होते. ती हसली नाही. घरी पोचेपर्यंत एवढंच म्हणाली, "रोज होतं हे, लता. रोज."

खेळात तुम्ही त्या चौकात उभ्या असता आणि पलीकडून शिवणयंत्राचा पट्टा आणायचा असतो. 'पुढे जा' लिहिलं की उत्तर येतं, "टेम्पो गेला. तुम्ही होतात तिथेच आहात." 'थांब' लिहिलं की एक काका येतात आणि तुम्हाला भलत्याच कोपऱ्यावर नेऊन सोडतात. 'ओरड' लिहिलं की, "सगळे बघतात. एक बाई म्हणतात, बिचारी." 'नको' लिहिलं की, "काका म्हणतात, लाजताय कशाला?" पण तुम्ही चिकाटीनं 'नको, नको' लिहीत राहिलात, तर एकेक जण नाराज होऊन निघून जातो. आणि मग येतं, "आता कोणी हात धरलेला नाही. पट्टा अजून आणायचा आहे. तुम्ही उभ्या आहात." त्यापुढे काहीही लिहा, उत्तर एकच, "बघू." हा तिचाच शब्द. अनिरुद्ध म्हणाला, "सुंदर आहे ताई, पण अर्धवट वाटतो." ती म्हणाली, "तू शेवटपर्यंत खेळलास का? तू तर दर वेळी काकांबरोबर जातोस!" खरंच होतं ते. त्याच्या हातून कोणाला 'नको' म्हणणं होतच नसे.

त्या शेवटच्या रविवारी ती तापानं फणफणलेली होती. मी म्हटलं, "चल, डॉक्टरकडे नेते." तर म्हणाली, "नेते म्हणजे? मी काय भाजीची पिशवी आहे?" मी चिडले. ती त्याहून चिडली. "मी जाईन माझी," म्हणाली आणि कुबडी आपटत गेली. दवाखान्यात गेलीही, एकटी, रिक्षा करून... पण दोन दिवस अंगावर काढून. डेंग्यू निघाला. तोवर फार उशीर झाला होता. शहाणी मोठी! काय बिघडलं असतं गं एकदा म्हटलं असतंस तर, लता, ये जरा? मी हात धरला नसता. नुसती बाजूला चालले असते. हा राग मी कोणावर काढू? दहाव्याला तिची अक्का वणीहून आली होती. डोळे पुसत म्हणाली, "लय हट्टी व्हती ती. पण तुमच्या दुकानाचं लय बोलायची." मी नुसती मान हलवली.

आणि त्यानंतरच्या रविवारी अनिरुद्धनं घोषणा केली. कुंदाताईंना श्रद्धांजली म्हणून 'द्वारका' आपण पुरा करायचा आणि सगळ्यांसाठी खुला करायचा. शेवट त्यानं कागदावर लिहूनही आणला होता. चौकात आमचा सगळा ग्रुप येतो, तिचे दोन्ही हात धरतो, गाड्या थांबतात, पट्टा मिळतो. सगळे म्हणाले, "क्या बात है!" एकदोघींनी डोळे पुसले. माझं डोकं असं फिरलं! म्हटलं, "अरे, ती जन्मभर ज्याच्यावर चिडली तेच तुम्ही ती मेल्यावर करताय? आता तिला 'नको'सुद्धा म्हणता येत नाही, म्हणून?" अनिरुद्धचा चेहरा पडला. पण तो आवाज न चढवता म्हणाला, "लताताई, तिनं हात धरू दिला असता तर आज ती असती."

खरं असेल ते, कोण जाणे. मी एवढंच म्हटलं, "आधी तिचा खेळ शेवटपर्यंत खेळ. मग काय लिहायचं ते लिही."

तो बसला. बाकीचे मागे उभे राहिले. लिहिणारी नव्हती, म्हणून खडा मी तोंडात टाकला. त्यानं सवयीनं 'थांब' लिहिलं. काका आले. हा गेला त्यांच्याबरोबर, भलत्या कोपऱ्यावर. पुन्हा 'थांब'. पुन्हा काका. मला सांगावंसं वाटत होतं, अरे बाबा, नको म्हण, एकदा तरी नको म्हण... जीभ नुसती वळवळत होती. तिसऱ्यांदा तो काकांबरोबर निघाला आणि माझ्याही नकळत खडा दाढेखाली गेला. कडकन्! अनिरुद्ध दचकला आणि त्यानं वळून बघितलं. माझ्याकडे नाही. शटरजवळच्या लोखंडी खुर्चीकडे.

मग पडद्याकडे वळून त्यानं लिहिलं, 'नको'. "लाजताय कशाला?" 'नको.' हळूहळू एकेक जण गेला आणि ते वाक्य आलं. तुम्ही उभ्या आहात. त्यानं 'पुढे जा' लिहिलं. "बघू." त्यानं 'सोबत कोण आहे' लिहिलं. "बघू." मग मला विचारलं, "आता काय लिहू, ताई?" मी दुसरा खडा घेतला होता. बोलले नाही.

शेवटी त्यानं कीबोर्डवरचे हात उचलले. त्याचे डोळे भरले होते. खिशात घडी करून ठेवलेला तो नवा शेवट तसाच राहिला. तो उठला, काउंटरवरची बरणी उघडली, त्यातला सगळ्यात मोठा खडा उचलून तोंडात टाकला आणि माझ्या शेजारी, कुंदाच्या खेळाच्या मागे, तोंड मिटून बसला.