हळदीच्या आठवड्यात नाकाचं इंजेक्शन

"इथून उचला," जाधववहिनींनी मधुराच्या दोन डोळ्यांच्या मधोमध बोट टेकवलं. "इथून खाली अगदी सपाट आहे बघा. बाजूने फोटो काढला की नाक दिसतच नाही."

मधुरा माझ्या खुर्चीत होती. चष्मा मांडीवर, नजर आरशात. जाधववहिनी तिच्या होणाऱ्या सासूबाई. मधुराची आई मागे सोफ्यावर पर्स घट्ट धरून बसलेली. लग्न रविवारी, आणि हे सगळं चाललं होतं मंगळवारी. नाक उंच करून देणं ही सासूबाईंची भेट होती. व्याह्यांच्या भेटीला नाही कसं म्हणायचं, म्हणून आई गप्प.

माझं सांगते. मी कुठे कोर्सबिर्स केला नाही. दर्पण कॉलनीत घराच्या पुढच्या खोलीत पार्लर टाकलं आणि बायकांचे चेहरे बघत बघत शिकले. ग्वाल्हेरच्या मराठी नवऱ्या सजवण्यात माझे केस पांढरे झाले. मग सिटी सेंटरच्या एका स्किन क्लिनिकने आमच्यासारखी दोन-तीन पार्लरं आपल्यात घेतली. त्याला ते इंटिग्रेशन म्हणायचे. माझी पाटी उतरली, मला काळा एप्रन मिळाला, वर 'सीनियर स्टायलिस्ट' असं पद. मॅनेजर आले नितिनजी, माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचे. आल्या आल्या त्यांनी रीऑर्गनायझेशन केलं. म्हणजे काय, तर यापुढे नवरीचा मेकअप सुटा मिळणार नाही, पॅकेजमध्येच मिळेल. आणि 'ब्राइडल प्लस' पॅकेजमध्ये नाकाचं फिलर.

जाधववहिनींनी तेच घेतलेलं. डॉक्टर बुधवारी यायचे, म्हणून इंजेक्शन उद्या. मला फक्त मेकअपची ट्रायल करायची होती. पण माझ्याच्याने गप्प बसवेना.

"वहिनी, फिलर म्हणजे काय ते सांगितलं का तुम्हाला?"

"सुई टोचतात. जेवणाच्या सुट्टीत होऊन जातं म्हणे."

मग मी सांगितलं, तेच तुम्हालाही सांगते. नाकाचा दांडा बसका असेल तर उंच दाखवायचे मार्ग मोजकेच. पहिला माझा, रंगाचा. दोन्ही बाजूंना गडद सावली, मधे उजळ बारीक रेघ. नाक आहे तेवढंच राहतं, डोळ्यांना उंच वाटतं. रात्री धुतलं की संपलं. दुसरा फिलरचा. सुईने जेल भरतात, दांडा उचलला जातो, वर्षभराने जेल हळूहळू विरतं. तिसरा ऑपरेशनचा. सिलिकॉन बसवतात, नाहीतर आपल्याच कानाची किंवा बरगडीची कूर्चा काढून नाकात घालतात. ते कायमचं, पण सूज पूर्ण उतरायला कितीतरी महिने जातात.

आता सुई वाटते तितकी साधी नाही. नाकाजवळच्या रक्तवाहिनीत जेल गेलं तर तिथली कातडी मरू शकते, नजरसुद्धा जाऊ शकते. क्वचित होतं, पण होतं. हा शोध मी लावलेला नाही. आमचे डॉक्टर स्वतः प्रत्येक पेशंटला हे सांगायचे. फक्त डॉक्टर भेटेपर्यंत पॅकेज विकून झालेलं असायचं.

नितिनजी काचेच्या दारातून आत आले. "आंटीजी, काउंसलिंग आपका काम नहीं है. इंटिग्रेशन के बाद रोल क्लियर है ना?"

"रोल क्लियर है, बेटा. मुंह भी मेरा ही है," मी म्हणाले आणि वहिनींकडे वळले. "हळद कधी आहे हो?"

"शनिवारी. आम्हीच येणार ना उष्टी हळद घेऊन."

आमच्या इकडची हळद कशी असते ते सांगायला हवं. दक्षिणेतले, म्हणजे महाराष्ट्रातले, आमचे नातेवाईक आंब्याच्या पानाने हळद टेकवतात आणि मोकळे होतात. इथे पिढ्यान्पिढ्या हिंदी शेजार. त्यांचं उबटन, म्हणजे अंगाला चोळायचं उटणं, आमच्या हळदीत कधी मिसळलं ते कुणालाच आठवत नाही. आधी मुलाला लागते, मग तीच उष्टी हळद घेऊन सासरच्या बायका मुलीकडे येतात. बेसन, तेल, हळद. आणि पितळेची समई घासावी तसा चेहरा घासतात.

"लावणार कोण?"

"आमच्या थोरल्या नणंदबाई!" वहिनींचा चेहरा खुलला. "किला गेटवर कुणालाही विचारा. त्यांच्या हातची हळद आठवडाभर उतरत नाही."

"आणि नाकाला?"

"मग नाक वगळणार की काय?"

"वहिनी, सुईनंतर दोन आठवडे नाकाला चोळायचं नाही. चष्म्याचंसुद्धा ओझं नको. जेल ओलं असतं म्हणा ना, दाबलं की सरकतं. बुधवारी तुम्ही नाक उभं करणार आणि शनिवारी तुमच्याच नणंदबाई ते गालावर नेऊन ठेवणार."

आईच्या तोंडून हसू निसटलं. तिने पटकन पदर लावला.

नितिनजींना हे माहीत नव्हतं असं नाही. ते म्हणाले, "तो हल्दी पैरों में लगा दीजिए. फेस पे छोटा सा टीका."

झालं! इतका वेळ त्यांच्या बाजूच्या असलेल्या जाधववहिनी उसळल्या. "पैरों में? हमारे यहाँ बहू के मुंह पे लगती है, भैया. टीका लगाके क्या नज़र उतारनी है?"

"तो सैटरडे शाम को, हल्दी के बाद. मैं डॉक्टर साहब को स्पेशल बुलवा लूंगा."

"आणि रविवारी सुजल्या नाकावर मी रंग थापू? सुईच्या ताज्या भोकावर?" माझा आवाज चढला. "मी नाही थापणार. आणि पोरीचं नाक छान आहे, त्याला कशाला..."

"मावशी, तुम्ही पण नका सांगू."

मधुरा. पहिल्यांदा बोलली ती. चष्मा घातला, खुर्ची आमच्याकडे वळवली.

"कुणी म्हणतं सपाट आहे, कुणी म्हणतं छान आहे. मला विचारलंय कुणी? मला हे नाक नाही आवडत. बँकेत दिवसभर चष्मा वर ढकलत बसते. कदाचित करेनही मी काहीतरी. पण मी ठरवीन, मी डॉक्टरशी बोलेन, आणि शनिवारची हळद, रविवारचा फोटो असलं काही डोक्यावर नसताना." मग ती सासूबाईंकडे वळली. "आई, तुमची भेट मला नको. राग मानू नका. मानलात तरी नको."

"जिद्दी आहे हो ही," वहिनी मधुराच्या आईला म्हणाल्या.

"लहानपणापासून," मधुराची आई म्हणाली. एवढंच, पण असं काही ताठ बसून म्हणाली की मला तिचं कौतुक वाटलं.

नितिनजींनी मात्र हिशेब सोडला नाही. "पैकेज कैंसल, तो मेकअप भी कैंसल. आंटीजी, संडे को आप वहां नहीं जाएंगी. आप क्लिनिक की स्टाफ हैं."

मी एप्रनची गाठ सोडली. घडी नीट घातली, कारण कपड्यावर राग काढायची माझी सवय नाही. त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "अब नहीं हूं."

रविवारी पहाटे मी माझी जुनी पेटी घेऊन मधुराकडे पोचले. नणंदबाईंनी आपल्या ख्यातीप्रमाणे काम केलं होतं. कानामागे, भुवयांत, सगळीकडे पिवळं. आधी ते उतरवण्यातच वेळ गेला. मग नाकाच्या दोन्ही बाजूंना सावली घेतली, मधली रेघ ओढली, बोटाने मिसळली. लक्षात ठेवा, ही रेघ हलकी हवी, नाहीतर व्हिडिओच्या दिव्याखाली चेहऱ्यावर पट्टे दिसतात.

मधुराने आरशात पाहिलं. मान इकडे वळवली, तिकडे वळवली. "मावशी, अर्धं पुसा. ही दुसरीच कुणीतरी वाटतेय."

मी अर्धं पुसलं. नथ घातली, मुंडावळ्या बांधल्या, आणि तिने वरून चष्मा चढवला. मंडपात कुजबुज झाली, चष्म्यात नवरी म्हणून. जाधववहिनींनीच एकीला सुनावलं, "तिला दिसायला नको का, हार कुणाच्या गळ्यात घालतेय ते?"

क्लिनिकने मला परत बोलावलं नाही. मी पण फोन केला नाही. पुढच्या खोलीत पुन्हा खुर्ची मांडली. 'ब्राइडल प्लस' अजून विकलं जातं, त्यांना काही फरक पडला नाही. मधुराने लग्नानंतर वर्षभराने त्याच डॉक्टरांशी बोलून, सगळे धोके ऐकून, फिलर करून घेतलं. दाखवायला आली होती. चांगलं झालंय. फार उंच नाही, चष्मा थांबेल इतकंच. मी तिला म्हटलं, मला तुझं आधीचंही आवडायचं. ती म्हणाली, ते तुम्ही तुमच्याजवळ ठेवा.

इतक्या वर्षांत एवढंच कळलं. नाक कसं उंच करायचं हे सांगणारे पुष्कळ मिळतात. खुर्चीत जी बसली आहे तिलाच आधी विचारावं, आणि विचारताना सासू, आई, मॅनेजर सगळ्यांना खोलीबाहेर काढावं. सजवणाऱ्या मावशीलासुद्धा.