विश्रामदादांचा अर्ज

शुक्रवारी सकाळी आखातातल्या दुखानच्या आमच्या क्वार्टरमध्ये सगळे बायकामुलांना व्हिडिओ फोन लावत. क्रेनचालक विश्रामदादा गोठ्याला लावत. "आधी डोळे दाखय रे," ते धाकट्या भावाला, बाबल्याला, सांगत. मग शिंगे, मग खूर. पवळ्या त्यांचा झुंजीचा बैल. सिंधुदुर्गातल्या त्यांच्या गावाबाहेर माळावर चोरून झुंजी होत, आणि पवळ्याने अजून एकदाही पाठ दाखवली नव्हती.

मी तिथल्याच ऑफिसात कागदपत्रे पाहतो. झुंजीला कायद्याने बंदी आहे, एवढे एकदा चाचरत बोललो.

"माका माहीत आसा," दादा हसले. "पण साहेब, तेका कोण ढकलता? दुसरो बैल दिसलो की तोच धावता."

त्या दोन बैलांना समोरासमोर कोण आणते, हे विचारायचे मनातच राहिले.

एका शुक्रवारी बाबल्याचाच फोन आला. पवळ्याच्या पोटात दुसऱ्या बैलाचे शिंग शिरले होते. "डॉक्टराक बोलवू?" तो रडत होता. जखम पाहताच सरकारी डॉक्टर पोलिसांना कळवणार, हे दोघेही जाणत होते.

"नको. तुका आत घालतले. हळद भर, घट्ट बांध," दादा म्हणाले.

पवळ्या तीन दिवस जगला. त्या तीन दिवसांत दादा क्रेनवर चढले नाहीत. बाबल्याने पवळ्यासमोर धरलेला फोन बघत बसत.

आठवड्याने ते माझ्या खोलीवर आले. "तुमी शिकलेले. पोलिसांक अर्ज लिवून देवा. बैल माझो. डॉक्टर नको म्हणान सांगितलंय तां मिया. बाबल्याचा नाव घालू नका."

"दादा, चौकशीत ते निघेलच." इतके स्पष्ट मी त्यांच्याशी कधी बोललो नव्हतो.

"निघांदे. पयला माझा असांदे."

'बैल जखमी होऊन दगावला,' असे मी लिहिले. वाचून त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला.

"दगावलो? तीन दिवस तो माझ्याकडे बघत होतो, साहेब. आमी मारलो. तसा लिवा."

मी तसे लिहिले. त्यांनी सही केली, घडी पासपोर्टात ठेवली आणि रजा टाकली. विमानतळाच्या गाडीत बसताना म्हणाले, "बाबल्या आता फोन घेणा नाय. आधी तेच्यासमोर उभो रवतलंय, मगे पोलिसांसमोर."

ते परतले नाहीत.