अडुळशाचे हिरवे ठिपके

ऐंशीच्या दशकात घाटकोपरच्या आमच्या कॉलेजात प्रयोगशाळा म्हणजे जिन्याखालची एक खोली होती. तिथे मी अडुळशाच्या पानांचे तुकडे बाटल्यांत, साखर आणि क्षार घातलेल्या जेलीवर वाढवत होते. तुकड्याचा पांढरट गोळा व्हायचा, त्यातून कोंब फुटायला हवा होता. फुटत होती ती नुसती मुळं. सर म्हणाले, "दिवाळीपर्यंत कोंब दाखव, नाहीतर विषय बदल." म्हणजे माझं दीड वर्ष पाण्यात.

मग मी मुळांना चेतवणारं संप्रेरक कमी केलं, कोंबांचं वाढवलं आणि ऐन नवरात्रात गोळ्यांवर हिरवे ठिपके उठले. मला तर नाचावंसं वाटलं. सर गावी गेलेले, म्हणून ते दाखवले प्रयोगशाळेतल्या काकांना. काका मालवणकडचे, गिरणी बंद पडल्यावर आमच्याकडे बाटल्या धुवायला लागलेले. त्यांच्यासारखी लख्ख बाटली मी अजून पाहिलेली नाही.

खंडेनवमीला मी घरी होते. वीस वर्षं आपल्या मागाची पूजा केलेल्या या माणसाने माझ्या चिमट्या-सुऱ्यांची पूजा केली. वर प्रत्येक बाटलीचा, जंतू आत जाऊ नयेत म्हणून लावलेला कापसाचा बोळा काढून आत चिमूटभर हळदकुंकू वाहिलं. दसऱ्यानंतर येऊन बघते तर सगळ्या बाटल्यांत काळी बुरशी!

माझं डोकंच फिरलं. मी त्यांना नाही नाही ते बोलले. "हिरवं दिसलं गो बाय, म्हणून वाहिलं," एवढंच ते म्हणाले.

सर परतले. काकांवर येऊ नये म्हणून, बोळे माझ्याकडूनच सैल राहिले असं सांगायचं मी ठरवलं होतं, पण काका आधीच पुढे झाले. "चूक माझी, साहेब. पण हिरवं आलं होतं, मी या डोळ्यांनी बघितलंय. पोरीला वेळ द्या." सर त्यांच्यावर भरपूर ओरडले आणि मला संक्रांतीपर्यंत मुदत दिली. माझ्याशिवाय ते ठिपके पाहिलेले अख्ख्या कॉलेजात एकटे काकाच होते.

डिसेंबरात, नव्याने लावलेल्या बाटल्यांत कोंब आले, चांगले दोन-दोन पानांचे. मी काकांना हाक मारली. ते आले, पण हात पाठीमागे बांधून दारातच उभे राहिले.

"जवळ या ना, काका."

"नको गो. माझा हात लागला तर परत वाट लागेल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांचे हात ओढून पुढे घेतले आणि बाटली त्यांत ठेवली.