मनुका खिरीत गेल्या तेव्हा

सगळ्यात आधी आली ती सलमाबी. अजून नीट उजाडलं नव्हतं, मी गॅसवर चहा ठेवत होते, आणि ही फाटकातूनच ओरडते, "एस्तेरबाई, उठल्या का?" तिच्या नवऱ्याचं चंद्रपूरच्या बाजारात सुक्या मेव्याचं दुकान आहे. हातात काळ्या मनुकांची पुडी. म्हणाली, "बीवाल्या हायेत, याच खरा रस सोडते. तुमच्या त्या बाईले माहा सलाम सांगा." मग उंबऱ्यावर टेकून तिच्या धाकट्या जावेनं लग्नात कोणता शरारा घातला आणि तो तिला कसा अजिबात शोभत नव्हता, हे सांगून झालं. चहा दोनदा झाला.

दुसरे आले आमच्या चर्चचे सेक्रेटरी. त्यांना चहा नको होता, त्यांना पाळकसाहेब पाहिजे होते. "साहेब, मोटर पुन्हा बंद पडली. टाकीत थेंब नाई."

पाळकसाहेब म्हणजे चर्चचे धर्मगुरू, माझा मुलगा सुधाकर. तो तेव्हा एका पायात मोजा घालून दुसरा शोधत होता.

माझी नात म्हणाली, आजी, तू बोलतेस तसंच लिही, माझ्या ब्लॉगवर टाकते, लोकांना असे रस्ते माहीत नसतात. आमच्याकडे लोक येतात ते मोहर्लीला, वाघ बघायला. त्यांनी अवश्य यावं. पण मी सांगते तो रस्ता दुसरीकडे जातो, आणि तिकडं जायचं कारण म्हणजे नामीबाई.

नामीबाई माझ्यापेक्षा मोठी. लहानपणी मी मिशनच्या बोर्डिंगमध्ये होते तेव्हा ती तिथल्या स्वयंपाकघरात कामाला होती. मी चौथीत शाळा सोडली, पण प्रभूची प्रार्थना मला कुठल्या वर्गात नाही, नामीबाईजवळ बसून तांदूळ निवडताना पाठ झाली. ती एक ओळ म्हणायची, एक खडा बाहेर टाकायची. आता ती आलापल्लीच्या पुढं जंगलातल्या एका टोल्यावर, म्हणजे लहानशा पाड्यावर, मुलाकडे असते. मांडीचं हाड मोडल्यापासून खाटेवर आहे. तिकडचे पाळक बदलून गेले, नवे आलेच नाहीत. तिनं निरोप पाठवला होता: "घास उतरत नाई आता, फक्त पातळ उतरते. तेही बंद व्हायच्या आधी मले एकदा प्रभुभोजन द्या." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, प्रभुभोजन म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून घेतलेला भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. आमच्याकडे ताजी द्राक्षं कुठली? मनुका रात्री भिजवायच्या, सकाळी उकळायच्या, फडक्यातून गाळायच्या. चर्चमध्ये ते काम इतकी वर्षं माझंच.

तर शनिवारी सकाळी एसटीनं निघालो. बायकांना अर्धं तिकीट, म्हणून खिडकीही मीच घेतली. बल्लारपूर, कोठारी, मग गोंडपिपरी. तिथं स्टँडसमोर तर्री-पोहे खा, वर सांबार टाकून. बाहेरच्यांना सांगते, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. तर्री तिखट असते, नाकातून पाणी आलं तर लाजू नका, सगळ्यांच्याच येतं.

गोंडपिपरीच्या पुढं सुधाकर बोलायला लागला. घरी तो माझ्याशी फार बोलत नाही, तिथं त्याला लोक बोलू देत नाहीत. म्हणाला, "आई, या आठवड्यात मी काय केलं सांगू? मोटर, पंखा, दोन भावांचं भिंतीवरून भांडण, एका पोराच्या दाखल्यावर सही. लोक म्हणतात साहेब, प्रार्थना करा. मी डोळे मिटतो आणि डोळ्यासमोर मोटर येते. देव कुठं येतो त्यात?"

मी म्हटलं, "मोटर दुरुस्त झाली तर येईल."

"हसू नको आई. मला कधी कधी वाटतं, मी पाळक नाही, वॉचमन आहे. फक्त पांढरा झगा घालतो."

मी हसले नव्हते. पण तेवढ्यात वैनगंगेचा पूल आला. नदीवर धुकं होतं, पाणी दिसतच नव्हतं. एक डोंगा तेवढा दिसला, त्यात एक माणूस उभा, जणू ढगावर उभा राहून बांबूनं ढग ढकलत होता. मी डोळे मिटले, उघडले, तर पूल संपून आष्टी आली होती. आता मला विचाराल तर तो माणूस खराच होता की माझा डोळा लागला होता, सांगता येत नाही.

आष्टी ते आलापल्ली रस्त्यानं हाडं मोजून मिळतात. मोठे ट्रक, मोठे खड्डे. कमरेला दुपट्टा बांधून बसा. पण आलापल्लीजवळ सागवान सुरू झालं की सगळं माफ. फेब्रुवारीत सागाची पानं गळतात, थाळीएवढी पानं. एक पान फांदीवरून सुटलं की खाली यायला इतका वेळ लावतं, की आपण त्याची वाट बघत बसतो. मध्येच पळस पेटलेला.

आलापल्लीहून काळी-पिवळी जीप मिळते. भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घाई घेऊन येऊ नका. आमच्या जीपमध्ये एक कोंबडा होता, तो माझ्या मांडीवर बसून आला. त्याची मालकीण म्हणाली, "बसू द्या बाई, तुमच्यापाशी चूप आहे. माह्यापाशी तं भांडूनच राह्यला होता."

टोल्यावर पोचलो तेव्हा दुपार कलली होती. नामीबाई अंगणात खाटेवर. किती लहान झाली होती! गोधडीखाली कुणी आहे की नुसती गोधडीच, असं वाटावं. मला बघून म्हणाली, "एस्तेर, तू लय म्हातारी झालीस वो!"

"आणि तू काय पोरगी आहेस?"

"मी तं आता निघून राह्यली. निघणाऱ्याचं वय पाहत नाई."

तिचा मुलगा दानीएल, उंच, कमी बोलणारा. आणि सून सुनीता, गोंड घरातली. ती चर्चमध्ये येत नाही, तिचे देव वेगळे. पण सासूला उचलणं, धुणं-पुसणं, तोंडात चमच्या-चमच्यानं पेज घालणं, सगळं तीच करते. मी तिच्या हातात पिशवी दिली. त्यात साखर, बिस्किटं, वेलची, आणि सलमाबीची पुडी. म्हटलं, "घरात ठेव गं, तुमच्यासाठीच आणलंय." आणि नामीबाईजवळ बसले ती बसलेच. बोर्डिंगमधल्या एकेका पोरीची चौकशी, कोण कुठं गेली, कोण राहिली. अंधार पडला, कंदीलाजवळ भात-वरण झालं, झोप आली. मनुका भिजवायच्या राहिल्या.

सकाळी जाग आली तीच वेलचीच्या वासानं. मी गोधडीतच पडून होते. वाटलं, बोर्डिंगमध्ये आहे, नाताळ आहे, आणि आत्ता कुणीतरी घंटा वाजवेल. मग आठवलं मी कुठं आहे. आणि एकदम उठून बसले.

चुलीवर मोठा गंज, म्हणजे पातेलं, भरून तांदळाची खीर. सुनीतानं पहाटे उठून दूर गवळ्याच्या घरून दूध आणलं होतं. खिरीवर माझ्या मनुका, फुगून टपोऱ्या झालेल्या. सगळ्या.

"कशी दिसते, आजी?" ती इतकी खुश होती. मीच म्हटलं होतं ना, तुमच्यासाठी आणलंय म्हणून! तिला काय ठाऊक?

मी सुधाकरकडे बघितलं. तो समजला. सुनीताही आमच्या तोंडाकडे बघून समजली, आणि हातातली पळी तशीच धरून उभी राहिली. "काय झालं? मी काय चुकली?"

तिला सांगावं लागलं. मटकन खाली बसली बिचारी. आलापल्लीला जाऊन आणायच्या म्हटलं तर जीप दुपारीच, आणि तिनंच आम्हाला परतायचं. गावातली एकुलती मोटरसायकल कुणाच्या तरी लग्नाला गेलेली. अंगणात तोवर सात-आठ माणसं जमली होती, धुतलेले कपडे घालून, केसांना तेल लावून. नामीबाईनं तर पहाटेच सुनेकडून पांढरं लुगडं नेसून घेतलं होतं.

सुधाकरची नजर कोपऱ्यातल्या टोपलीवर गेली. वाळलेली मोहफुलं. त्याचा चेहरा उजळला. "हीच उकळू. गोडच असतात, ताजा काढा, दारू थोडीच आहे? या जंगलाचं फळ, या जंगलाचा प्याला!" माझा मुलगा असा आहे. त्याला एक सुंदर विचार सुचला की तो त्यात बसून निघून जातो.

दानीएल तेव्हा पहिल्यांदा बोलला. "पाळकसाहेब, ते नका करू."

"अरे, नुसतं उकळलेलं पाणी..."

"तुमच्यासाठी पाणी. माही दारू सुटून आता कुठी वर्ष व्हते. उकळत्या मोहाचा वास आला का माहे पाय आपोआपच तिकडं वळते. मायच्या बाजूले बसून मले बी प्याला घ्यायचा आहे. काऊन परीक्षा पाहता?"

सुधाकरनं टोपली उचलली आणि स्वतः बाहेर नेऊन ठेवली. परत आला तो खाली मान घालून, "माफ कर भाऊ," म्हणाला. खाटेवर नामीबाई डोळे मिटून पडली होती. तिच्या ओठांवरून मी ओळखलं, ती प्रार्थना करत नव्हती, ती रडायचं थांबवत होती.

मग सुनीता उठली. परात घेतली, गंजात पळी घातली, खीर परातीत ओतली. "मनुका कुठी पळाल्या नाई ना," म्हणाली. "इथीच तं हायेत. काढू."

आम्ही दोघी परातीभोवती बसलो. खीर ऊन होती, बोटं भाजत होती. एक मनुका काढायची, गरम पाण्याच्या वाटीत धुवायची, दुसऱ्या वाटीत टाकायची. मग दानीएलही बसला. मग आमचे पाळकसाहेब, बाह्या वर करून. आणि खाटेवरून नामीबाईचा आवाज आला, एकेक ओळ, थांबून थांबून, प्रभूची प्रार्थना. मी मनुका काढत होते की तांदळातले खडे, मी चंद्रपूरची आजी होते की बोर्डिंगमधली फ्रॉकमधली पोर, खरंच सांगते, मला त्या वेळी समजत नव्हतं. उन्हाची तिरीप परातीत पडली होती आणि खिरीतून वाफ वर जात होती.

सुनीतानं हळूच विचारलं, "पण हे चालते का तुमच्या देवाले? खिरीत पडलेलं?"

नामीबाई प्रार्थना अर्धी टाकून म्हणाली, "काना गावच्या लग्नात येशूनं पाण्याचा द्राक्षरस केला बाई. हे तं खीर आहे!"

अंगणातले सगळे हसले. सुधाकर सगळ्यात मोठ्यानं. किती महिन्यांनी असा हसला असेल.

मनुका कुस्करून उकळल्या, माझ्या पदरानं गाळल्या. रस नेहमीसारखा काळाभोर नव्हता, फिकट, मातकट गुलाबी, वरून दुधाची किंचित साय. सुधाकरनं उपदेशाचा कागद खिशातून काढलाच नाही. एवढंच म्हणाला, "आज मला काही शिकवायचं नाही. हे घ्या." पोळीचा कण त्यानं रसात विरघळवला आणि चमच्यानं नामीबाईच्या ओठांशी नेला. आम्ही सगळे तिच्या गळ्याकडे बघत होतो. शीर हलली. थांबली. पुन्हा हलली.

उतरलं.

तिनं डोळे उघडले. "वेलची जास्त झाली," म्हणाली.

मग दानीएलनं प्याला घेतला, दोन्ही हातांनी. सुनीता दाराशी उभी राहून बघत होती. नंतर तिनं सगळ्यांना खीर वाढली, बिनमनुकांची, आणि स्वतःही आमच्या पंगतीत बसली.

परतीच्या जीपमध्ये सुधाकर जंगलाकडे बघत होता. मग म्हणाला, "आई, खीर निवडताना मी डोळे उघडे ठेवून प्रार्थना केली. मोटर नाही आली डोळ्यासमोर." थोड्या वेळानं, "खरं म्हणजे आली. पण चालली." तो माझ्या खांद्यावर झोपला, लहानपणी झोपायचा तसा तोंड उघडं टाकून. सागाची पानं येतच होती खाली.

घरी पोचलो तर सेक्रेटरी फाटकातच. सुधाकर बॅगही न ठेवता त्यांच्याबरोबर मोटर बघायला गेला, आणि शीळ घालत गेला. सलमाबीला मी सगळं सांगितलं. ती पदराआड हसून हसून बेजार. म्हणाली, "म्हणजे आमच्या दुकानच्या मनुका दोन कामाले आल्या!" धुणं झालं, प्रवासाचा शीण गेला. बोटांचा वेलचीचा वास गेला असावा, पण मला अजून येतो.

निघताना नामीबाईनं माझा हात धरून विचारलं होतं, आता कधी? मी सुधाकरकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे. झावळ्यांच्या रविवारी, तो म्हणाला, ईस्टरच्या आधीच्या. तेव्हा मोहफुलं पडायला लागलेली असतील, माणसं पहाटे वेचून येतील, मग उपासना करू. नामीबाई म्हणाली, "बरं. तोवर थांबून पाहतो." आणि सुनीता जीपच्या मागं धावत येऊन ओरडली, "आजी, पुड्या दोन आणजा! एक त्याईच्या प्याल्याची, एक खिरीची!"

सलमाबीनं दोन्ही बांधून ठेवल्या आहेत. आता वाट झावळ्यांच्या रविवारची.