लॅपटॉपचं झबलं

आमचे मोठे भाऊजी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवत होते. त्यातही 'उष्णता' हा त्यांचा खास धडा. पोरं मागून त्यांना 'तापमान सर' म्हणायची आणि ते त्यांना ठाऊक होतं. निवृत्त झाल्यावर मात्र ऐकायला कोणी उरलं नाही. मग ते कुकरला समजावू लागले. शिट्टी का होते, वाफेचा दाब म्हणजे काय. एकदा तर पत्ता विचारायला आलेल्या माणसाला त्यांनी थर्मासचं तत्त्व सांगून सोडलं. बिचारा पत्ता न घेताच गेला.

त्यांच्या घरात, म्हणजे माझ्या जाऊबाईंच्या राज्यात, उघडं असं काही नाही. रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी, मिक्सरला झालरीचा घागरा, फ्रिजच्या मुठीला हातमोजा. सोफ्याला कव्हर आणि ते मळू नये म्हणून वर आणखी एक. सोफ्याचा मूळ रंग कोणता, यावर त्या दोघांचंही एकमत नाही.

लेकीनं परगावाहून बाबांना लॅपटॉप पाठवला आणि पाठोपाठ एका शिकवणी संस्थेचा फोन आला. मुलांना ऑनलाइन विज्ञान शिकवाल का? आधी एक तास नमुन्यादाखल घ्यायचा, पसंत पडला तर कायमचं काम. भाऊजींनी फोन ठेवला, इस्त्रीचा सदरा काढला आणि कारण नसताना घालून बसले. इतके महिने उतरलेलं ते तोंड उजळलेलं पाहून जाऊबाईंनी शिलाई मशीन उघडलं. दुलईचा उरलेला कापूस भरून, आत अस्तर लावून त्यांनी लॅपटॉपला झबलं शिवलं. पडदा आणि बटणं तेवढी उघडी. पोट, पाठ, कडा सगळं गुरफटलेलं. कडेला नाडीसुद्धा.

त्या आठवड्यापासून लॅपटॉपला ताप येऊ लागला. पाच-दहा मिनिटं झाली की आतला पंखा घोंघावायचा आणि मग पडदा काळाठिक्कर. नमुन्याचा तास सुरू झाला, भाऊजी म्हणाले, "मुलांनो, उष्णता म्हणजे..." आणि सगळं गुडुप. संस्थेच्या बाई सौम्यपणे म्हणाल्या, "सर, शुक्रवारी आणखी एकदा बघू. त्यानंतर मात्र आम्हाला दुसरं कोणीतरी शोधावं लागेल."

मग घरात वैद्यांची रीघ लागली. माझ्या नवऱ्यानं निदान केलं, "दादा, व्हायरस." लेक फोनवर म्हणाली, "बाबा, एवढे सगळे प्रोग्रॅम एकदम उघडून ठेवू नका हो." वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर येऊन लॅपटॉप फ्रिजमध्ये ठेवायला सांगून गेले, ते बँकेतही असेच सल्ले देत असणार. जाऊबाईंनी टेबलफॅन त्याच्याकडे वळवला आणि स्वतः पदरानं वारा घेत बसल्या.

शेवटी दुकानात नेला. पण नेताना जाऊबाईंनी झबलं काढून घेतलं. "परक्यांचे कसले कसले हात लागतात, मळेल." दुकानात लॅपटॉप तासन् तास ठणठणीत चालला. दुकानदारानं धूळ झटकून परत दिला. घरी आला, झबलं चढलं, ताप हजर. माहेरी टुणटुणीत आणि सासरी पाऊल टाकताच कपाळ धरणाऱ्या सुनेसारखी त्याची गत.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जाऊबाई स्वयंपाकघरात आहेत असं बघून मी म्हटलं, "भाऊजी, हे झबलं काढून बघितलं तर?"

त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "मला काय कळत नाही होय? जन्मभर दुसरं काय शिकवलं मी?"

"मग?"

"मला काम मिळणार या आनंदात शिवलंय गं तिनं. ते मीच ओरबाडून काढू?"

"म्हणून काम घालवणार?"

"टेबलाखाली बर्फाची बाटली ठेवेन म्हणतो," असं म्हणून ते वर्तमानपत्राआड गेले. साठ पोरांचा वर्ग नुसत्या खोकल्यानं गप्प करणारा हा माणूस!

शुक्रवारी भाऊजी आतल्या खोलीत तासाला बसले. आम्ही दोघी बाहेर शेंगा सोलत होतो. दार अर्धवट उघडं होतं. आवाज बघता बघता शाळेतला झाला, खणखणीत.

"सर, दुलई गरम असते ना?" एका मुलीनं विचारलं.

"नाही. दुलईला स्वतःची ऊब नसते. तुमच्या अंगातली उष्णता ती बाहेर जाऊ देत नाही, एवढंच. कापसात हवा अडकते आणि हवेतून उष्णता सहज जात नाही."

"सर, तुमच्याकडे मिक्सर लावलाय का?"

मिक्सर नव्हता, लॅपटॉपचा पंखा होता. पोरं हसली. भाऊजी घाईघाईनं पुढे बोलू लागले. मरणारा माणूस मृत्युपत्र सांगतो तसे.

जाऊबाईंचा हात शेंगेवरच थांबला. "कापसात हवा अडकते?" त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. मी छताकडे बघू लागले. "म्हणजे... झबलं?"

मी काही बोलायच्या आत त्या उठल्या, पदर खोचला आणि तडक आत, सगळ्या पोरांसमोर. "अहो, उचला बघू ते जरा." नाडी सोडली, न्हाऊ घालायच्या बाळाचं काढावं तसं झबलं ओढून काढलं, लॅपटॉप दोन पुस्तकांवर टेकवला आणि बाहेर आल्या. थोड्या वेळानं घोंघावणं उतरत उतरत थांबलं.

"सर, दुलई काढली म्हणून आवाज गेला!" पोरं ओरडली.

भाऊजींनी घसा खाकरला. "बरोबर. याला प्रात्यक्षिक म्हणतात."

तास शेवटपर्यंत झाला. दार बंद करून भाऊजी बाहेर आले तेव्हा जाऊबाई झबल्याची घडी घालत होत्या.

"उभ्या गावाला शिकवलंत, घरात एकदा सांगायला काय झालं होतं?"

"घरात शिकवायला विद्यार्थी लागतो. इथं मुख्याध्यापक आहेत."

जाऊबाई हसल्या नाहीत; पण त्या दिवशी त्यांनी भाऊजींना न विचारता दुसऱ्यांदा चहा दिला. इतकी वर्षं बघतेय मी, हा त्यांचा माफीनामा असतो.

संध्याकाळी संस्थेचा निरोप आला. सरांचं काम पक्कं. 'प्रत्यक्ष दाखवण्यासाठी मदतनीस आणायची कल्पना फार आवडली. पुढच्या तासालाही त्यांना जरूर आणावे.'

भाऊजींनी मोठ्यानं वाचून दाखवलं. जाऊबाईंनी चष्मा लावून स्वतः पुन्हा वाचलं.

"मदतनीस?" त्या म्हणाल्या. "कळवा त्यांना. मुख्याध्यापिका म्हणावं."

झबलं आता चहाच्या किटलीवर आहे. नाडीसकट. चहा तासभर कढत राहतो आणि तो का राहतो, हे भाऊजी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. आता जाऊबाईही सांगतात, त्यांच्या आधी.