रानातल्या जनावराला घंटी नसते

शोभा कोळेकर ऑफिसचा जिना डोळे मिटून उतरायची. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात डब्याची पिशवी, आणि चेहऱ्यावर असा भाव की लांबून कुणीतरी काहीतरी सांगतंय आणि ही ते नीट ऐकून घेतेय. साताऱ्याच्या आमच्या ऑफिसात ती नवीन लागली तेव्हा मी हे पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं, पोरीला चक्कर आली. मी धावत जाऊन तिचा दंड धरला, तर डोळे न उघडताच ती म्हणाली, "कोन, ताई का? चपलेवरनं वळाकलं. तुमची डावी चप्पल लय फटफट वाजती."

त्याच संध्याकाळी मी चप्पल चांभाराकडे टाकली. पण ही बाई डोळे मिटून का चालते, हा किडा काही डोक्यातून जाईना. मला माणसांच्या चौकशा करायची खोड आहे. आमचे हे त्याला भोचकपणा म्हणतात, मी जिज्ञासा म्हणते. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी माझा डबा उचलला आणि सरळ तिच्या टेबलावर जाऊन बसले.

शोभा मूळची जतची. तिकडं कर्नाटक हाकेच्या अंतरावर, त्यामुळे बोलण्यात मध्येच एखादा कानडी शब्द टपकायचा, आणि आईला ती आव्वा म्हणायची. घरी मेंढरं, पाऊस पडला तर जोंधळा, नाही पडला तर टँकरची वाट. आम्ही कराडकडचे ऊसवाले, आमच्याकडे पाण्याला किंमत नाही. शोभा मात्र तांब्यातलं उरलेलं घोटभर पाणीसुद्धा खिडकीतल्या कुंडीत ओतायची. तिची भाकरी पापडासारखी कडक असायची. ती मोडून चटणीला लावता लावता समोर लॅपटॉप उघडायची, कानाला हेडफोन लावायची आणि जेवण संपेपर्यंत आमच्यात नसायची. पडद्यावर गवत, झाडं, आणि त्यातून उड्या मारत येणारी चित्रविचित्र रंगीत जनावरं.

"अगं, हे लहान पोरांचं काय खेळतेस?" मी विचारलं.

"खेळत न्हाई ताई, दुरुस्त करती," ती म्हणाली.

मग तिनं मला सगळं समजावलं, आणि चांगलं समजावलं, कारण माझ्यासारखीलाही ते कळलं. हा एक जुना गेम. त्यात आपण रानोमाळ हिंडायचं, गवतातून जनावरं निघतात ती पकडायची, वाढवायची, शिकवायची. प्रत्येक गावात एक वस्ताद असतो. आपली जनावरं त्याच्या जनावरांशी लढवायची. वस्तादाला हरवलं की पुढच्या गावाला जायचं. शोभा आणि तिचा धाकटा भाऊ बिरू लहानपणी मेंढरं राखता राखता बाभळीखाली बसून, काच फुटलेल्या एकाच मोबाइलवर हा गेम खेळले होते. अलीकडे कंपनीनं तोच गेम नव्या चकचकीत रूपात काढला. आणि जगभरच्या हौशी लोकांनी त्या नव्या गेमच्या पोटात शिरून आपापल्या मनासारखे बदल करायला सुरुवात केली. कुणी जुनं संगीत परत घातलं, कुणी वगळलेली जनावरं आणली, कुणी वस्ताद अवघड केले. अशा बदलाला मॉड म्हणतात. पदरमोड करून, रात्रंदिवस राबून, कुणी न सांगता करायचं काम. आपल्याकडे देवळाला रंग देणारी माणसं असतात, तशी ही.

"आणि हे तू शिकलीस कुठं?"

"मोडून," शोभा म्हणाली. "मोडल्याबिगर कळत न्हाई." हे तिचं आवडतं वाक्य होतं. ऑफिसचा प्रिंटर बंद पडला की ती पहिल्यांदा हेच म्हणायची, आणि साहेब धास्तावून प्रिंटरच्या आडवे उभे राहायचे.

बिरूचं मला हळूहळू कळलं. लहानपणी तो तिन्हीसांजेला ठेचकाळायचा, तेव्हा घरच्यांना वाटलं, पोरगं धांदरट आहे. मग कडेचं दिसेनासं झालं. नजर आकसत आकसत गेली आणि आता फक्त उजेड कुठं नि अंधार कुठं एवढंच कळतं. डॉक्टरांनी हात टेकले. कॉलेज त्यानं कसंबसं पुरं केलं, पण नंतर मेंढरांमागं जाणं सोडलं, मग अंगणात येणं सोडलं. भिंतीला पाठ लावून बसायचा. नवा गेम आला तेव्हा शोभानं त्याच्यासाठी हौसेनं आणला. शेजारी बसून "डावीकडं वळ, आता पुढं, दाब" असं सांगत राहिली. थोड्या वेळानं बिरूनं लॅपटॉप तिच्याकडं सरकवला. म्हणाला, "मग तूच खेळ की. माजा हात कशाला भाड्यानं घेतीस?"

हे सांगताना शोभाचे डोळे भरले होते. "ताई, त्यानं एकट्यानं खेळाय पायजे. मी शेजारी नसताना. मला दुसरं कायबी नको."

म्हणून ती डोळे मिटून जिना उतरत होती. न बघता काय काय कळतं ते गोळा करत होती. पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवणारा आवाज आधीच कुणीतरी करून ठेवला होता, तो तिनं बसवला. पण रस्ता कसा कळायचा? भिंत कशी कळायची? सुट्टीला ती जतला गेली आणि मेंढरांच्या गळ्यातल्या घंट्यांचे आवाज मोबाइलवर भरून आणले. धनगर आपली मेंढरं घंटीवरून ओळखतो. कोण पुढं गेलं, कोण ओढ्यात उतरलं, हे त्याला बसल्या जागी कळतं. गेममध्ये आपलं जनावर आपल्या मागून चालत येतं. त्याच्या गळ्यात शोभानं घंटी बांधली. मोकळ्या रानात ती खणखणीत वाजायची, भिंतीपाशी दबायची, गुहेत घुमायची. रेकॉर्डिंगच्या वेळी आप्पा, म्हणजे तिचे वडील, एकेक मेंढी कवेत धरून मोबाइलसमोर उभे राहिले होते. "मेंढीला काय इचारायचंय ती इचार लवकर, जड हाय," असं त्यांचं वाक्यही त्यात आलं होतं. ते तिनं नाइलाजानं कापलं.

पहिली चाचणी फोनवर झाली. बिरू जतला खेळतोय, शोभा साताऱ्यात कान लावून बसलेली, आणि मी तिच्या कानाला कान लावून. थोडा वेळ नुसत्या घंट्या वाजल्या. मग बिरू हसायला लागला. थांबेचना.

"अक्का," तो म्हणाला, "रानातल्या जनावराच्या गळ्यात घंटी कुनी बांदली गं?"

शोभानं कपाळावर हात मारला. तिनं सगळ्याच जनावरांना घंट्या बांधल्या होत्या, पाळलेल्या आणि रानटी, सरसकट! जन्मापासून घंट्यांच्या आवाजात वाढलेल्या पोरीला जनावर म्हटलं की घंटी असणारच, असं वाटलं. साताऱ्यातल्या दुसऱ्या कुणाकडून ही चूक होणं शक्यच नव्हतं.

"मग रानटी जनावर कसं कळायचं?" तिनं विचारलं.

"लांडगा आल्यावर कसं कळतंय?" बिरूनं उलट विचारलं. "रातकिडं गप व्हत्यात."

फोन ठेवल्यावर शोभा खुर्चीतून उठून उभी राहिली. "ताई, तो हसला," ती म्हणाली. "आन मला शिकवलं बी." त्या दिवशी तिनं सगळ्या ऑफिसला चहा पाजला. कशाबद्दल, ते कुणालाच कळलं नाही.

मग तिनं गवतात किड्यांची किरकिर भरली. रानटी जनावर ज्या बाजूला दबा धरून असेल त्या बाजूच्या कानातली किरकिर थांबायची. मी एकदा डोळ्यांना ओढणी बांधून खेळून पाहिलं. डाव्या कानात अचानक शांतता झाली आणि माझ्या अंगावर असा काटा आला की मी हेडफोनच काढून फेकला. शोभा म्हणाली, "घाबरलासा न्हवं? मंग बरोबर झालंय."

तिनं ते मॉड नेटवर सगळ्यांसाठी ठेवलं. कुठल्या कुठल्या देशांतून न बघता खेळणारी माणसं तिला लिहू लागली. एकानं विचारलं, तिसऱ्या गावाबाहेर जे जनावर भुंकतं ते पकडता का येत नाही? ते कोळेकरांचं कुत्रं होतं. रेकॉर्डिंगमध्ये घुसलेलं. शोभानं ते काढलं नाही. "राहू द्या. राखण करंल," म्हणाली.

तिकडे बिरूनं धडाका लावला. पहिला वस्ताद हरवला, दुसरा हरवला, तिसरा, चौथा. शोभाला रोज फोन यायचा आणि ती ऑफिसभर मिरवायची. मीही घरी सांगायचे, आमच्या बिरूनं आज अमक्याला लोळवलं. आमचे हे विचारायचे, कोण बिरू?

आणि एक दिवस फोन आला तेव्हा शोभाचा चेहरा पांढरा पडला.

बिरूची नेटवरून नागपूरच्या एका मुलाशी ओळख झाली होती. तोही अंध, तोही हेच मॉड लावून खेळणारा. तो दुसऱ्या वस्तादापाशीच अडकून पडला होता, सारखा हरत होता. बिरूनं शोभाला एवढंच विचारलं, "अक्का, नागपूरवाल्याचा वस्ताद आन माजा वस्ताद येगळा हाय का?"

वेगळा होता. बिरूच्या लॅपटॉपवर तिनं सगळी जनावरं मऊ, म्हणजे चटकन हरतील अशी, करून ठेवली होती. रानटीही आणि वस्तादांचीही. मला हे ठाऊक नव्हतं. शोभाला खोटं बोलता येत नसे. ती गप्प राहिली, आणि गप्प राहणं ऐकण्यात तर बिरू तयारच झाला होता.

"चुलता पत्त्यात मुद्दाम हारतो," बिरू म्हणाला. "आप्पा म्हनतो तू बस, मी करतो. गावात पोरं वाट सोडत्यात. मला वाटलं, ह्या एका ठिकानी तरी मी जितलो. तू बी त्यातलीच निघालीस." फोन बंद झाला. नंतर त्यानं तिचा फोनच घेतला नाही.

शोभाचा डबा तसाच परत जाऊ लागला. मी तिला समजावलं, "अगं, मायेपोटी केलंस. तुझ्या जागी कुणीही हेच केलं असतं."

"म्हनूनच तर चुकलं ताई," ती म्हणाली. "समदी तेच करत्यात. मी येगळं कराय निगाली हुती."

पुढच्या सुट्टीला तिनं मला सोबत जतला नेलं. एकटीनं जायची तिला भीती वाटत होती. सांगलीत गाडी बदलली, पुढं ऊस मागं पडत गेला आणि माळ सुरू झाला. बिरू भिंतीला पाठ लावून बसला होता. माझ्याशी नीट बोलला, पाण्याचं विचारलं. बहिणीकडं मान वळवली नाही.

शोभानं त्याचा लॅपटॉप घेऊन आधी त्यातला मऊपणा काढला, मग तो त्याच्यापुढं ठेवला. "समदं काढलंय. आता नागपूरवाल्याचा आन तुजा वस्ताद एकच हाय."

"कशावरनं?"

शोभा उठली. देव्हाऱ्यातून बिरोबाचा भंडारा मुठीत घेऊन आली. बिरूचा हात ओढून त्याच्या तळव्यावर तो ठेवला, वर आपला हात ठेवला आणि म्हणाली, "बिरोबाची आन. तुला मी परत कवा मऊ दिनार न्हाई." त्या घरात भंडारा उचलून कुणी खोटं बोलत नाही. बिरूनं तसाच पिवळा हात कळांवर टेकला आणि पहिल्यापासून सुरू केलं.

त्याचं खेळणं मी प्रथमच पाहत होते. मान किंचित तिरकी, बोटं हलकी. घंटी दबली की वळायचा, किरकिर थांबली की थांबायचा. ज्या गुहेत मी पडद्याकडे बघूनही तीनदा भिंतीला धडकले असते, त्यातून तो परसातून जावं तसा गेला. मग पहिला वस्ताद आला. बिरूचं एक जनावर पडलं. दुसरं पडलं. तिसरं चुकीच्या वेळी पुढं काढलं, हे मलासुद्धा कळलं आणि मी तोंड उघडलं. शोभानं माझ्या मनगटाला असा चिमटा काढला की वळ उठला. ती स्वतः ओठ दाबून बसली होती. सगळं तिला दिसत होतं आणि ती काही सांगत नव्हती.

शेवटचं जनावर पडलं. लॅपटॉपमधला आवाज काहीतरी म्हणाला.

"हारलो," बिरू हळूच म्हणाला. मग मोठ्यानं, "आव्वा! ए आव्वा! मी हारलो!"

आव्वा चुलीपासून पिठाच्या हातानं धावत आल्या. त्यांना वाटलं पोरगं पडलं. पोरगं तर मांडीवर थाप मारून हसत होतं. "खरंच हारलो गं! सपाट केलं मला!" आव्वांनी माझ्याकडं पाहिलं. हरल्याचा आनंद कसला, हे त्यांना कळेना, पण पोराचा हसरा चेहरा पाहून त्याही हसायला लागल्या.

शोभा कुठं दिसेना. मी बाहेर गेले तर ती पाण्याच्या पिंपाआड उभी राहून पदरानं तोंड पुसत होती.

"ताई," ती म्हणाली, "लय वर्सांनी कुनीतरी माज्या भावाला बरोबरीचा समजून हानलं."

आता शोभा बदली होऊन सांगलीला गेली आहे. आमच्या ऑफिसातला प्रिंटर मोडायला कुणी उरलं नाही. तिची आठवण आली की मला तो पिंपाआडचा चेहरा दिसतो, आणि त्याच वेळी घरातून आलेली ती आरोळी ऐकू येते, "अक्का, कुटं हायस? ये की! परत हारलो बग!"